लस घेतली नाही म्हणून कंपनी काय कापू शकते आणि काय नाही

मकरपुरा जीआयडीसी (कारखान्यांची वसाहत), वाघोडिया, सावली, नंदेसरी इकडे नोकरीला जाणारी आपली बरीच मराठी मंडळी बडोद्यातल्या दांडियाबाजार, वाडी, रावपुऱ्यात राहतात, आणि मी टाइम ऑफिसच्या कामातली असल्यामुळे, म्हणजे हजेरी, पगारपत्रक, पीएफची आणि ईएसआयची (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) चलनं हेच रोजचं काम, एक प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. लस घेतली नसेल तर कंपनी पगार कापू शकते का, रजा अडवू शकते का, मेडिक्लेममधून नाव काढू शकते का? कोविडच्या दिवसांत तर घरोघरी हाच विषय होता. आता कोविड मागे पडला पण प्रश्न काही मागे पडला नाही, कारण कॅन्टीनच्या पोरांना टायफॉइडचं इंजेक्शन आहे, हॉस्पिटलच्या स्टाफला हिपॅटायटिस बीचं आहे, काही ऑफिसांत दर वर्षी फ्लूची लस देतात, आणि कोणीतरी साहेब विचार करतोच की जो घेणार नाही त्याचं काय करायचं.

माझं मत आधीच सांगते. लस घ्यावी, स्वतःसाठी आणि बाजूच्या मशीनवर उभ्या असलेल्या माणसासाठीही. कंपनीने त्यासाठी बक्षीस दिलं, भरपगारी सुट्टी दिली, चार वेळा मागे लागून सांगितलं, सगळं चालेल. पण आजारपणात मिळणारा पैसा लसीला बांधायचा नाही, ते चूक आहे आणि उलटं पडतं. का ते पुढे येईलच, आधी हा पैसा येतो कुठून ते बघू, कारण बहुतेक भांडणं तिथेच चुकीच्या टोकाने सुरू होतात.

पगाराशिवाय कामगाराला जे मिळतं त्यात दोन प्रकार आहेत. एक कायद्याने बांधलेलं, म्हणजे पीएफ, ईएसआय, भरपगारी रजा, ग्रॅच्युइटी, कायद्याचा बोनस, बाळंतपणाची रजा, कामावर अपघात झाला तर भरपाई. दुसरं कंपनीने आपल्या मर्जीने चालू केलेलं, म्हणजे हजेरी अलाउन्स, ग्रुप मेडिक्लेम, कॅन्टीनची सबसिडी, दिवाळीची भेट, साथीच्या काळातली खास रजा वगैरे. पहिल्याला लसीच्या नावाखाली कंपनी हात लावू शकत नाही. तिथे कोणाला काय मिळणार त्याच्या अटी कायद्याने लिहून ठेवल्यात आणि त्या अटींत लस कुठेच नाही.

ईएसआयचंच घ्या, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहेत. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला माणूस ईएसआयत येतो, कंपनी पगाराच्या ३.२५ टक्के भरते आणि कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात. म्हणजे १८,००० पगारावर कामगाराचे १३५ रुपये, कंपनीचे ५८५. त्या बदल्यात गोत्रीच्या ईएसआय हॉस्पिटलात उपचार तर आहेतच, पण आजारी पडून घरी बसलात तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के पैसे मिळतात, पहिले दोन दिवस सोडून. १८,००० वाल्याची रोजी ६०० धरली तर दिवसाला ४२०, दहा दिवस घरी असेल तर आठ दिवसांचे ३,३६० रुपये. आता हे १३५ रुपये तरुणाला तेवढेच आणि पन्नाशीच्या माणसाला तेवढेच, बिडी ओढणाऱ्याला तेवढेच आणि न ओढणाऱ्याला तेवढेच. सगळ्यांनी टक्क्याने भरायचं आणि ज्याला गरज पडेल त्याने घ्यायचं अशी ती योजना आहे, तिथे तुम्ही लस घेतली का हे विचारायची जागाच नाही. आणि ईएसआयच्या १९४८ च्या कायद्यात कलम ७३ होतं, आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाने माणसाला काढायचं नाही, खालच्या जागेवर टाकायचं नाही, शिक्षा करायची नाही. कोविडमध्ये जून २०२१ ला ईएसआयने कोविडने गेलेल्या कामगारांच्या घरच्यांसाठी वेगळी योजना आणली, सरासरी पगाराच्या ९० टक्के पेन्शन, महिना किमान १,८०० रुपये. तिच्यात अट होती ती नोंदणी आणि वर्गणीचे दिवस भरल्याची. गेलेल्या माणसाने लस घेतली होती का हे त्यात कुठे नव्हतं.

पण इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती कामगाराला माहीत नसते. ईएसआयचा आजारपणाचा पैसा मिळायला सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. कायमच्या कामगाराचे ते सहज भरतात, कॉन्ट्रॅक्टवाल्याचं तसं नाही. समजा एखाद्याला महिन्याला १५ दिवसच काम मिळतं, सहा महिन्यांचे झाले ९०. आता गेटवर सिक्युरिटीने सांगितलं, सर्टिफिकेट दाखव नाहीतर परत जा, आणि असे २० दिवस गेले, तर राहिले ७०, आणि त्या वर्गणीवर ज्या सहा महिन्यांत लाभ मिळतो त्यांत तो आजारी पडला तर त्याला एक पैसा मिळणार नाही. कंपनीने ईएसआयला हात लावलेला नाही, कागदावर कोणी काही कापलं नाही, फक्त हजेरी लागली नाही. भरपगारी रजेचं पण तसंच, जुन्या फॅक्टरी कायद्यात वर्षाला २४० दिवस भरले तर दर २० दिवसांमागे एक रजा होती, नव्या कायद्यात ती अट १८० दिवसांवर आणलीय, पण दिवस मोजायचेच. म्हणून माझं म्हणणं असं की पॉलिसी वाचताना फक्त "कपात" शब्द शोधू नका, हजेरीचं काय होणार ते आधी विचारा, कारण गेटवरून परत पाठवणं ही सगळ्यात मोठी कपात असते आणि तिला कोणी कपात म्हणत नाही.

पगार थेट कापायचा म्हटलं तर त्याला कायदा आडवा येतो. १९३६ चा वेतन कायदा सांगायचा की पगारातून कशाकशासाठी कापता येईल त्याची यादी ठरलेली, त्याबाहेर काही नाही. दंड करायचा तर कोणत्या वागणुकीसाठी ते आधी मंजूर करून बोर्डावर लावलेलं पाहिजे, माणसाला बोलायची संधी दिलेली पाहिजे, आणि तो दंड त्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर जाऊ नये. तो कायदा महिना २४,००० पर्यंतच्या पगाराला लागू होता. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे चार नव्या संहितांमध्ये घातलेत, वेतन संहितेत ती पगाराची मर्यादा राहिली नाही, पण ठरलेल्या यादीपलीकडे कापायचं नाही हा नियम तसाच आहे. "लस नाही म्हणून महिना ५०० कट" असं त्या यादीत नाही.

राहिला दुसरा भाग, कंपनीच्या मर्जीचा. इथे कंपनीला मोकळीक आहे पण शेठना वाटते तेवढी नाही. एखादी सवलत वर्षानुवर्षं चालत आली असेल तर ती बंद करायच्या आधी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे कलम ९अ मध्ये होतं, आताच्या संहितेतही २१ दिवस आहेत, आणि ज्या बदलांना नोटीस लागते त्यांत रीतीने चालत आलेल्या सवलती काढून घेणं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे दहा वर्षं मिळत असलेला हजेरी अलाउन्स सोमवारी बोर्डावर कागद चिकटवून मंगळवारपासून फक्त लसवाल्यांना, असं होत नाही. नवीन काही द्यायचं असेल, लस घेणाऱ्याला हजार रुपये, एक दिवस जादा सुट्टी, तर कोणाचं काही जात नाही म्हणून तिथे नोटिसची भानगड नाही. आहे ते काढून घ्यायला कायदा त्रास देतो आणि नवं द्यायला देत नाही, हे मला योग्यच वाटतं.

आता २०२१ मध्ये काय झालं ते आठवा, कारण तेव्हाचा अनुभव धरूनच लोक आजही बोलतात. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं, ११ एप्रिलपासून जिथे किमान १०० पात्र लोक आहेत अशा कामाच्या ठिकाणीच लस द्यायला परवानगी मिळाली, आणि २१ जूनपासून केंद्राने १८ च्या वरच्या सगळ्यांना सरकारी केंद्रावर फुकट द्यायला घेतली. त्याच जून महिन्यात गुजरात सरकारने हुकूम काढला की रात्रीचा कर्फ्यू असलेल्या १८ शहरांत, त्यात आपलं बडोदाही, दुकानं आणि धंद्याच्या जागांवरच्या मालक-नोकरांनी ३० जूनपर्यंत लस घेतलेली पाहिजे, बाकी ठिकाणी १० जुलै. मुदती पुढे वाढल्या, पण त्या काळात मालकाने गेटवर अडवलं तर त्याच्या हातात सरकारी कागद होता, हे मान्य करायला पाहिजे. काही ठिकाणी सरकारी खाती त्याच्याही पुढे गेली. उज्जैनला कलेक्टरांनी सांगितलं की सरकारी नोकरांनी ३१ जुलैपर्यंत लस घेतली नाही तर पगार नाही, ठाणे महापालिकेने नोव्हेंबरमध्ये पहिला डोसही न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखायचं ठरवलं.

कोर्टांनी हे कसं बघितलं? मेघालय हायकोर्टाने जून २०२१ मध्येच, दुकानदार नि टॅक्सीवाल्यांवरच्या सक्तीच्या बाबतीत, सांगितलं की जबरदस्तीने लस दिली तर लसीकरणाचा मूळ हेतूच बिघडतो, माणसाची रोजीरोटी अशी अडवता येत नाही. त्याच वेळी कोर्टाने हेही सांगितलं की दुकानांवर, गाड्यांवर सगळ्यांना दिसेल अशी पाटी लावा, इथल्या लोकांनी लस घेतलीय की नाही, म्हणजे गिऱ्हाईक आपलं आपण ठरवेल. मला हा तोडगा आवडला होता, कारण माणसाची कमाई चालू राहते आणि माहितीही लपत नाही.

मग २ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार, न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती गवई. तो निकाल दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीचा अर्धा सांगतात म्हणून पूर्ण सांगते. कोर्ट म्हणालं की आपल्या शरीरावर आपला हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये येतो, कोणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. पण पुढे हेही म्हणालं की समाजाच्या आरोग्यासाठी सरकार काही बंधनं घालू शकतं, फक्त ती तीन गोष्टींवर टिकली पाहिजेत, त्याला कायद्याचा आधार पाहिजे, गरज खरी पाहिजे, आणि बंधन त्या गरजेच्या मापाचं पाहिजे, माशी मारायला तलवार नको. मग कोर्टाने विचारलं की लस न घेतलेल्या माणसाकडून लस घेतलेल्यापेक्षा जास्त रोग पसरतो याचा काही पुरावा आहे का, आणि सरकारांनी तसा काही आकडा समोर ठेवला नव्हता. म्हणून त्या वेळच्या परिस्थितीत, रुग्ण कमी होते तोवर, ती बंधनं मापाबाहेरची ठरली, आणि कोर्टाने खाजगी संस्थांनाही सुचवलं की आपापले हुकूम पुन्हा तपासा. लस वाईट आहे असं कोर्टाने कुठेही म्हटलेलं नाही, लसीकरणाचं धोरण अवाजवी आहे असंही नाही.

त्या पुराव्याच्या प्रश्नावर थोडं थांबते, कारण सगळं त्याच्यावर उभं आहे. लस दोन कामं करू शकते, एक म्हणजे तुम्हाला गंभीर आजारी पडू देत नाही, दुसरं म्हणजे तुमच्याकडून दुसऱ्याला जाऊ देत नाही. कोविडच्या लसीने पहिलं काम चांगलं केलं, ओमिक्रॉन आल्यावरही बरंच केलं. दुसरं काम सुरुवातीला ठीक होतं आणि नवीन व्हेरियंट आले तसं कमी कमी होत गेलं. मग गेटवर अडवायचं कारण हे दुसऱ्या कामावर टेकलेलं होतं, ते कमजोर झालं की अडवण्याचं कारणही गेलं. पण हॉस्पिटलचं बिल वाचतं हे कारण पहिल्या कामावर टेकलेलं आहे, ते राहिलं. म्हणून कोणतीही पॉलिसी समोर आली की विचारायचं, ही दोनपैकी कशासाठी आहे.

बिलाचं कारण घेऊन सगळ्यात पुढे गेली ती अमेरिका. तिथे आपल्यासारखं सगळ्यांसाठी सरकारी हॉस्पिटलांचं जाळं नाही, नोकरी गेली की बहुतेकांचा विमाही जातो, आणि मोठ्या कंपन्या विमा कंपनीला फक्त कागद सांभाळायला ठेवतात, कामगाराच्या हॉस्पिटलचं बिल स्वतःच्या खिशातून भरतात. डेल्टा एअरलाइन्स अशीच. ऑगस्ट २०२१ मध्ये तिचे प्रमुख एड बास्टियन यांनी कर्मचाऱ्यांना पत्र पाठवलं, की कोविडने हॉस्पिटलात गेलेल्या एका माणसामागे कंपनीला सरासरी ५०,००० डॉलर पडतात, तेव्हाच्या भावाने साधारण ३७ लाख रुपये, म्हणून १ नोव्हेंबरपासून कंपनीच्या हेल्थ प्लॅनमध्ये असलेल्या आणि लस न घेतलेल्याने महिना २०० डॉलर जादा भरायचे. सप्टेंबरच्या शेवटापासून कोविडच्या आजारपणाचा खास पगारही फक्त पूर्ण लस घेतलेल्यांनाच. पत्र निघालं तेव्हा ७५ टक्के लोकांची लस झाली होती, ऑक्टोबरपर्यंत आकडा ९० च्या आसपास गेला. एप्रिल २०२२ मध्ये डेल्टाने तो जादा आकार काढून टाकला. क्रोगर म्हणून किराण्याची मोठी साखळी आहे तिकडे, तिने आधी लस घेणाऱ्याला १०० डॉलर दिले आणि नंतर २०२२ पासून न घेणाऱ्यांची कोविडची दोन आठवड्यांची भरपगारी रजा काढली, वर मासिक पगारावरच्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना महिना ५० डॉलर आकार लावला.

तिकडेही मालकाला हवं ते करता येत नव्हतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला तिथल्या सरकारच्या तीन खात्यांनी मिळून सांगितलं की असा आकार चालेल पण एका माणसाच्या विम्याचा जो एकूण खर्च, कंपनीचा आणि त्याचा मिळून, त्याच्या ३० टक्क्यांच्या वर नाही, आणि ज्याला तब्येतीच्या कारणाने लस घेता येत नाही त्याला दुसरा रस्ता द्यावाच लागेल. समजा विमा महिना ६०० डॉलरचा असेल तर १८० च्या वर आकार नाही. शिवाय विमा परवडणारा आहे का हे मोजताना तो आकार सगळ्यांनाच लागतो असं धरायचं, म्हणजे मालकाने आकाराच्या आडून विमा महाग केला तर दंड मालकालाच. सरकारने स्वतः मात्र जास्त ओढलं, १०० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांत लस किंवा दर आठवड्याला टेस्ट असा नियम आणला, तो १३ जानेवारी २०२२ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने अडवला.

इंग्लंडमध्ये आयकिया (फर्निचरची दुकानं) आणि नेक्स्ट (कपड्यांची) या कंपन्यांनी जानेवारी २०२२ मध्ये वेगळीच गोष्ट केली. तिथे पूर्ण लस घेतलेला माणूस रुग्णाच्या संपर्कात आला तरी घरी बसायची गरज नव्हती, न घेतलेल्याला होती. मग कंपन्यांनी म्हटलं, जो फक्त संपर्कामुळे घरी बसणार आणि ज्याने कारण नसताना लस घेतलेली नाही, त्याला कंपनीचा आजारपणाचा पगार नाही, फक्त सरकारने ठरवलेले आठवड्याला ९६ पौंड ३५ पेन्स. खरोखर आजारी पडला तर मात्र पगार मिळणार. जर्मनीतही नोव्हेंबर २०२१ पासून लस न घेतलेल्याला क्वारंटाइनच्या दिवसांची सरकारी भरपाई बंद झाली. सिंगापूरने ८ डिसेंबर २०२१ पासून मर्जीने लस न घेणाऱ्याचं कोविडचं बिल त्याच्याच माथी टाकलं.

हे सगळं आपल्याकडे उचलून आणू नये असं मला वाटतं, आणि त्याची कारणं हिशोबात आहेत. आपल्याकडे ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता एकेका माणसावर ठरत नाही, गेल्या वर्षी अख्ख्या कंपनीचे किती क्लेम आले त्यावर मुख्यतः पुढचा हप्ता ठरतो, म्हणून "तुझ्यामुळे माझे इतके गेले" असं एका माणसाकडे बोट दाखवायला आकडाच नसतो. आणि २१,००० च्या खालच्या माणसाला मेडिक्लेम बहुतेक नसतोच, तो ईएसआयत असतो, तिथे कंपनीचा हप्ता टक्क्याने ठरलेला, त्याच्या आजाराने तो वाढत नाही. म्हणजे अमेरिकेतल्या कंपनीचं जे खरं नुकसान होतं ते इथल्या कंपनीचं तसं होतच नाही, तरी शिक्षा मात्र तिकडची आणायची.

दुसरं कारण माझ्यासाठी जास्त मोठं आहे. २०२१ मध्ये लस फुकट होती असं आपण म्हणतो, पण रोजंदारीच्या माणसाला ती फुकट नव्हती. समजा रोजी ६००. लसीच्या दिवशी रांगेत दिवस गेला, दुसऱ्या दिवशी ताप आला, दोन दिवस गेले. कोव्हिशिल्डचे दोन डोस १२ ते १६ आठवड्यांच्या अंतराने, म्हणजे चार दिवस, २,४०० रुपये. वर हजेरी अलाउन्स महिना १,००० धरला तर दोन्ही डोस वेगळ्या महिन्यांत पडणार म्हणून दोन्ही महिन्यांचा गेला, २,०००. एकूण ४,४००. खाजगी हॉस्पिटलात तेव्हा कोव्हिशिल्डचा जास्तीत जास्त भाव ७८० होता, म्हणजे सरकारी केंद्रावरची "फुकट" लस त्याला दोन विकतच्या डोसांपेक्षा कितीतरी महाग पडत होती. हे पगारपत्रकात दिसतं, मी स्वतः ते तयार करते म्हणून छातीठोकपणे सांगते. मग साहेबांनी विचारायचं की हे लोक लस का घेत नाहीत, अफवांना का बळी पडतात. अफवा होत्याच, पण त्याच्याही आधी पैसे होते. कंपनीने फक्त एवढं केलं असतं की लसीचा दिवस आणि तापाचा दिवस भरपगारी आणि हजेरी अलाउन्स तुटणार नाही, तर निम्मे वाद संपले असते.

आपल्या बडोद्यात सक्तीची एक जुनी गोष्ट आहे ती मला या बाबतीत नेहमी आठवते. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड होता. पण ते शिक्षण सक्तीचं होतं तसं मोफतही होतं. फी घेऊन वर दंड असं नव्हतं. लसीच्या बाबतीतही ज्याला सक्ती करायची आहे त्याने आधी ती त्या माणसाला खरोखर, पगारपत्रकाच्या हिशोबाने, फुकट पडेल असं करावं.

बक्षिसाचा रस्ता आपल्या गुजरातेत लोकांनी चांगला दाखवला होता. राजकोटला सोनी समाजाने लस घेणाऱ्या बायकांना सोन्याची चमकी आणि पुरुषांना हँड ब्लेंडर दिले, अहमदाबाद महापालिकेने दुसऱ्या डोसला एक लिटर तेल दिलं. शिकलेले लोक नाकं मुरडत होते की आरोग्यासाठी कसली लालूच, मला त्यात काही वावगं दिसलं नाही. तेलाची बाटली घेऊन येणारा माणूस चाळीत चार जणांना सांगतो.

आणि आता ते आजारपणाच्या पैशाचं, जे सुरुवातीला म्हटलं. रोजीवर घर चालणारा माणूस, त्याला माहीत आहे की लस नाही म्हणून आजारी पडलो तर पगार नाही. सकाळी अंगात कणकण आहे. तो काय करेल? क्रोसिन घेऊन पहिल्या पाळीला येईल, बसमध्ये चाळीस जणांत बसेल, कॅन्टीनमध्ये जेवेल आणि खोकला आला तर धूळ आहे म्हणून सांगेल. ज्याने लस घेतलेली नाही तोच माणूस तापात घरी राहावा ही सगळ्यांची सगळ्यात जास्त गरज, आणि पॉलिसी त्यालाच घरी राहायचे पैसे देत नाही. हप्त्यावर जादा आकार लावला तर माणूस चिडेल, भांडेल, पण ताप लपवणार नाही. रजेचा पगार कापला तर लपवेल. म्हणून डेल्टाचे २०० डॉलर मला कडक वाटतात, पण क्रोगरने रजा काढून घेतली ते मला धोक्याचं वाटतं, आणि आयकियाने निदान खऱ्या आजाऱ्याला सोडलं एवढं बरं केलं.

मग काही कामांत लस लागतेच त्याचं काय? लागतेच, आणि तिथे मी मालकाच्या बाजूने आहे. खाण्याच्या धंद्यात अन्नसुरक्षेच्या नियमांत स्पष्ट आहे की अन्न हाताळणाऱ्याची वर्षाला तपासणी करायची, त्याला टायफॉइडसारख्या पोटातून पसरणाऱ्या रोगांची लस द्यायची आणि त्याची नोंद ठेवायची. तिथे कायद्याचा आधार आहे, गरज खरी आहे, आणि एका पोराच्या हातून अख्ख्या पाळीला जुलाब होऊ शकतात, त्यामुळे मापही बरोबर आहे. पोळ्या लाटणाऱ्याने लस नको म्हटलं तर त्याला स्टोअरला किंवा हाऊसकीपिंगला लावा, पण पोळ्या लाटू देऊ नका. फक्त खर्च कोणाचा हे बघा. कॅन्टीनचा कॉन्ट्रॅक्टर लस टोचून आणतो आणि पुढच्या पगारात "मेडिकल" म्हणून तीनशे-चारशे कापतो, हे मी पाहिलेलं आहे. लस धंद्याच्या परवान्यासाठी लागते, पोराने हौसेने घेतलेली नाही, तिचा खर्च पगारातून निघता कामा नये. कॉन्ट्रॅक्टरने पगार कमी दिला तर मूळ कंपनीवर तो पुरा करायची जबाबदारी येते, म्हणून अशी पगारस्लिप हातात आली की कॉन्ट्रॅक्टरशी वाद घालत बसू नका, तिची झेरॉक्स काढून मूळ कंपनीच्या एचआरकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि तिथून हललं नाही तर कामगार खात्याच्या ऑफिसात.

सर्टिफिकेटबद्दलही एक सांगायचं राहिलं. कोविनच्या सर्टिफिकेटवर नाव, वय, ओळखपत्राचा भाग, कुठे कधी लस घेतली सगळं असतं आणि आपल्याकडे सुपरवायझर ते डिपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सांगायचे, दीडशे लोक त्या ग्रुपमध्ये. कंपनीला लस झाली की नाही एवढंच बघायचं असेल तर टाइम ऑफिसच्या माणसाने मोबाइलवर बघून रजिस्टरला हो किंवा नाही लिहिलं तरी काम होतं. आजाराची माहिती, गरोदरपणामुळे डॉक्टरांनी थांबायला सांगितलं, कोणाला ॲलर्जी, कोणाची कॅन्सरची ट्रीटमेंट चालू, असली कारणं तर ग्रुपवर विचारायचीच नाहीत, त्याचं बंद पाकीट एचआरकडे जाईल आणि सुपरवायझरला फक्त "सूट आहे" एवढं कळेल. आमच्याकडे एक बाई तिसऱ्या महिन्यात होती, घरीसुद्धा सगळ्यांना सांगितलेलं नव्हतं, आणि तिला लाइनवर सगळ्यांसमोर विचारलं की तू का नाही घेतलीस. तिने त्या महिन्यात नोकरी सोडली. तिची सूट कोणत्याही नियमात बसली असती, विचारायची पद्धत तेवढी धड पाहिजे होती.

तुमच्या कंपनीत असा कागद लागला तर त्याचा फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असा. मग बघा की तो कोणत्या सरकारी हुकमाच्या आधारावर आहे ते त्यात लिहिलंय का, तो कधी संपणार ते लिहिलंय का, तब्येतीच्या कारणाने सूट आहे का, आणि लसीच्या दिवशीची हजेरी कशी लावणार. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना तोच नियम आहे की वेगळा, हेही विचारा, कारण बहुतेक वेळा भरपगारी सुट्टी कायमच्यांना असते आणि गेटवरची अडवणूक दोघांनाही.